ट्रक आले, पण वाटलंन कोणी?

मागच्या पावसाळ्यातली एक रविवारची दुपार. बाहेर धो धो चालू, लाईट आत्ता जाईल मग जाईल अशी, आणि केळशीची आत्या आमच्याकडे चिपळूणला राहायला आलेली. जेवणं उरकली होती, आत्या हॉलमध्ये भिंतीला टेकून पाय पसरून रात्रीसाठी बिरडं सोलत बसली होती. मोड आलेल्या कडव्या वालांचा तो किंचित उग्र वास, पातेल्यात कोमट पाणी, चिमटीत दाबलं की दाणा टुपकन बाहेर. पुतण्या सातवीत, त्याने टीव्हीवर बॅटमॅनचा तिसरा भाग, 'द डार्क नाइट रायझेस', लावलेला. मीच त्याला सांगून ठेवलं होतं की आधीचे दोन भाग बघितल्याशिवाय ह्याला हात लावायचा नाही, ते त्याने बघून संपवले आणि आता हा. आत्याला इंग्रजी कळत नाही पण ती बघत होती, हा कोण, तो तोंडाला काय बांधून फिरतो, असं मध्ये मध्ये विचारत होती आणि आम्ही सांगत होतो. की हा बेन, ह्याने शहराचे पूल उडवले, आता पाच महिने कोणी आत यायचं नाही कोणी बाहेर जायचं नाही, नाहीतर बॉम्ब फुटणार. आत्याने थोडा वेळ दाणे सोलले आणि म्हणाली, "अरे पण पाच महिने ह्या माणसांनी खाल्लंनी काय?"

पुतण्या म्हणाला, "आत्याआजी, आत्ताच दाखवलं ना, एक पूल ठेवलाय, त्याच्यावरून ट्रक येतात."

"ट्रक आले ते बघितलं मी. वाटलंन कोणी?"

ह्याच्यावर आमच्या दोघांकडे काही उत्तर नव्हतं. सिनेमा पुढे गेला, आत्या पातेलं घेऊन आत गेली, संध्याकाळी बिरड्याची उसळ झाली, सगळे पोटभर जेवले. पण मला तो प्रश्न सोडेना. कारण ह्या सिनेमात काहीतरी कमी आहे हे मला पहिल्यांदा बघितला तेव्हापासून वाटत होतं, मित्रांशी त्यावरून भांडणंसुद्धा झालेली, पण नक्की काय कमी आहे ते मला कधी धड सांगता आलं नव्हतं. कोणी म्हणायचं क्लायमॅक्स घाईत उरकला, कोणी म्हणायचं दुसऱ्या भागातला व्हिलन जोकर नाही म्हणून मजा नाही, मी सगळ्यांना हो म्हणायचो आणि तरी पटायचं नाही. आत्याने बिरडं सोलता सोलता बरोबर तिथे बोट ठेवलं.

2012 ला मी कॉलेजात होतो, आणि त्या सिनेमाची वाट जशी बघितली तशी नंतर कुठल्याच सिनेमाची बघितली नाही. 2008 चा दुसरा भाग आमच्या ग्रुपला पाठ होता. त्यात जोकर झालेला हीथ लेजर त्या वर्षी जानेवारीत गेला, सिनेमा जुलैत आला, पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं आणि ते घ्यायला त्याच्या घरच्यांना स्टेजवर जावं लागलं, ह्या सगळ्यामुळे तिसऱ्या भागाभोवती काहीतरी वेगळंच जमून आलं होतं. डिसेंबर 2011 मध्ये परदेशात आयमॅक्स थिएटरांत सुरुवातीची काही मिनिटं आधीच दाखवली, तो विमानाचा सीन, आणि बेन मास्कमधून काय बोलतो ते कळतच नाही म्हणून जगभर ओरड झाली. आम्ही ते न बघताच त्यावर तासन्तास बोलायचो. ट्रेलर यायचा तो सायबर कॅफेत बसून गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत तुकड्या तुकड्यात बघायचा, मग घरी येऊन वहीत थिअरी लिहायच्या. संगीतकार हान्स झिमरने सिनेमातल्या खड्ड्यातल्या तुरुंगाच्या घोषासाठी जगभरातल्या लोकांकडून इंटरनेटवरून आवाज मागवले होते, ही बातमी वाचून आमच्यातला एक जण इतका पेटला की खोलीचं दार लावून ओरडत बसला. त्याचा आवाज तिकडे पोचला की नाही कोण जाणे.

20 जुलैचा शुक्रवार. आदल्या रात्री चिपळूण स्टेशनवर कोकणकन्येची वाट बघत बसलो. पावसाळी टाइमटेबल असल्यामुळे गाड्या हळू, वेळेचा भरवसा नाही, प्लॅटफॉर्मच्या पत्र्यावर पाऊस एवढा की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. जनरलच्या डब्यात दाराशी उभ्याने, ओल्या छत्र्या, कोणाच्या तरी पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा वास, आणि त्या सगळ्यात आम्ही बॅटमॅन मरणार की नाही ह्यावर बोलतोय. पहाटे ठाण्याला उतरलो, स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला, आणि सकाळचा पहिला शो. थिएटरात अंधार झाला तेव्हा माझे मोजे अजून ओले होते आणि एसीने पाय गारठले होते, ते मला अजून आठवतं. आणि हेही सांगितलं पाहिजे की मला तो सिनेमा आवडला. पाठ मोडलेला बॅटमॅन त्या विहिरीसारख्या तुरुंगातून वर चढतो, दोनदा दोर बांधून पडतो आणि शेवटी दोर सोडून उडी मारतो, त्या सीनला माझ्या अंगावर आजही काटा येतो. तो बाहेर येतो तेव्हा मागे जोधपूरचा मेहरानगड दिसतो, आमच्यातला एक जण ओरडला, "अरे हे आपलं जोधपूर!" आणि सगळं थिएटर हसलं.

परत येताना गाडीत मात्र आम्ही गप्प होतो.

आता कळतं की आम्ही कशाची वाट बघत होतो. दुसऱ्या भागात माझा सगळ्यात आवडता सीन जोकरचा नाहीच, तो दोन बोटींचा आहे. एका फेरीबोटीत शहरातली साधी माणसं, दुसरीत कैदी, आणि दोघांकडे समोरची बोट उडवायचं बटण. मध्यरात्रीपर्यंत एकाने दुसऱ्याला उडवलं नाही तर दोन्ही उडणार. साध्या माणसांच्या बोटीत चिठ्ठ्या टाकून मतदान होतं, बहुमत बटण दाबा म्हणून पडतं, एक माणूस मीच दाबतो म्हणून पुढे येतो, हातात घेतो, आणि त्याच्याकडून होत नाही. तिकडे एक धिप्पाड कैदी ते यंत्र घेतो आणि सरळ खिडकीबाहेर फेकून देतो. बॅटमॅन तेव्हा तिसरीकडेच मारामारी करतोय. शहर त्याने वाचवलेलं नाही, त्या दोन बोटींतल्या माणसांनी वाचवलं, ज्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. मी गुहागरकडून दापोलीला जाताना धोपाव्याला फेरीबोट धरतो, वाशिष्ठी तिथे दाभोळला समुद्राला मिळते, आणि बोटीत गाडी लावून हँडब्रेक ओढून खाली उतरलो की दर वेळी तो सीन आठवतो. मासेवाल्या टोपल्यांवर फडकं टाकून बसलेल्या असतात, कोणीतरी बाइकवर गॅसचा सिलिंडर बांधून आणलेला असतो, शाळेची पोरं रेलिंगला लटकतात, इंजिनाची थरथर तळपायातून वर येते आणि डिझेलचा वास खाऱ्या वाऱ्यात मिसळतो. मी एकेकाच्या तोंडाकडे बघतो. ह्यांच्यातलं कोण बटण दाबेल, कोण फेकून देईल. त्या सीनने मला बोटीतल्या अनोळखी माणसांकडे बघायला शिकवलं, सिनेमाने ह्याहून जास्त काय करायचं असतं?

आणि म्हणून सिक्वेल येणार म्हटल्यावर, आणि त्यात अख्खं शहरच तोडलं जाणार असं ट्रेलरवरून कळल्यावर, मला वाटलं होतं की आता ती दोन बोटींतली माणसं पूर्ण सिनेमाभर भेटणार. पाच महिने. हिवाळा. नदी गोठलेली. केवढी मोठी जागा होती ती गोष्ट सांगायला! पण झालं उलटंच. पणाला लागलेलं शहर जितकं मोठं झालं तितकी त्यातली माणसं दिसेनाशी झाली. पोलीस आहेत, ते भुयारात अडकतात आणि शेवटी रस्त्यावर येऊन लढतात. बेनची माणसं आहेत. श्रीमंतांना घरातून ओढून काढून कोर्टासमोर उभं करतात, मरण की हद्दपारी, आणि हद्दपारी म्हणजे पातळ बर्फावरून चालत जायचं. अनाथाश्रमातली मुलं एका बसमध्ये पुलापर्यंत येतात आणि पलीकडचे लोक पूलच उडवून टाकतात. पण भाजीवाला कुठे आहे, ज्याच्या घरात म्हातारी आजारी आहे तो कुठे आहे, पाच महिने पगार नाही तर भाडं मागायला मालक आला का नाही? आणि ते ट्रक. आत्या विचारत होती ते ट्रक. मी नंतर तो भाग मुद्दाम परत लावून बघितला. मदतीचा ट्रक येतो तो कशासाठी, तर त्यात लपून बाहेरचे जवान शहरात शिरतात म्हणून. जवान उतरले, ट्रकचं काम संपलं. त्यातलं धान्य कोणाच्या घरात गेलं हे बघायला कॅमेरा थांबत नाही. झिमरच्या त्या घोषात हजारो लोकांचा आवाज आहे, पडद्यावर मात्र त्यांना जागा नाही.

सगळ्यात जास्त मला टोचतं ते हे, की सिनेमाला हे माहीत आहे. शेवटी जाता जाता बॅटमॅन पोलीस कमिशनर गॉर्डनला सांगतो की हीरो कोणीही असू शकतो, एखाद्या लहान मुलाच्या खांद्यावर कोट पांघरून जग अजून संपलेलं नाही एवढं त्याला कळवणारा माणूससुद्धा. किती सुंदर विचार आहे. पण एकशे चौसष्ट मिनिटांत ह्या भागातल्या शहरात कोण कोणाला कोट पांघरतो? आणखी एक लहानसा क्षण आहे. सेलिना नावाची चोर एका लुटलेल्या बंगल्यात उभी आहे, हातात फुटलेली फोटोफ्रेम, कोणाच्या तरी कुटुंबाचा फोटो, आणि ती म्हणते की हे कोणाचं तरी घर होतं. मैत्रीण म्हणते, आता सगळ्यांचं आहे. सेलिनाच्या चेहऱ्यावर जे येतं ना, त्या काही सेकंदांसाठी तो सिनेमा माझ्यासाठी पूर्ण खरा होतो. मग पुढचा सीन सुरू होतो.

2012 ला मला ती फ्रेम दिसलीसुद्धा नव्हती. ती दिसायला 2021 यावं लागलं.

22 जुलै 2021. चिपळूणकरांना पुढचं सांगायला नको आणि बाकीच्यांनी बातम्यांत बघितलंय, त्यामुळे पाणी किती आलं वगैरे लिहीत नाही. आमचं घर चिंचनाक्याजवळ वरच्या मजल्यावर, खाली दादाचं स्टेशनरीचं दुकान. जून-जुलै म्हणजे शाळांचा सीझन, दुकान वह्यांनी गच्च भरलेलं. पाणी उतरल्यावर शटर उघडायला गेलो तर उघडेना, कारण आत वह्या पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि त्यांनी लोखंडी रॅक वाकवून सगळं शटरपर्यंत ढकललं होतं. कागद एवढा जोर करतो हे मला माहीत नव्हतं. शटर कापून काढलं तेव्हा आतून जो वास आला तो शब्दात बसत नाही, गाळ, डिझेल, सडलेलं धान्य, गटार सगळं एकत्र. बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीवरचा जुना पूल खचलेला. टॉवर बंद, लाईट नाही, आणि सगळीकडे पाणी असून प्यायला पाणी नाही. समोरच्या काकूंनी गॅलरीत दोरीवर लग्नाचे फोटो कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातले होते, अर्ध्या फोटोंवरचे चेहरे धुऊन गेलेले, फक्त शालूचा रंग तेवढा राहिलेला. लोकमान्य टिळक वाचन मंदिरातली पुस्तकं तर 2005 च्या पुरात गेली होती, परत जमवली होती, ती परत गेली.

आणि तेव्हा मला कळलं वाटप म्हणजे काय असतं. ट्रक आले, खूप आले, कुठून कुठून आले, घाटावरून आले, मुंबईहून आले, ज्यांना चिपळूण नकाशावर दाखवता येणार नाही अशा गावांतून भाकऱ्या आणि चटणी बांधून आली. पण ट्रक नाक्यावर उभा राहतो, आणि नाक्यावर जो पोचतो त्याला मिळतं. आतल्या गल्लीत कंबरभर गाळ असतो तिथली म्हातारी नाक्यावर येत नाही. पेठमापमध्ये माझ्या वर्गातला एक मुलगा आहे, शाळेत कधी कोणाच्या लक्षातही नसायचा, त्याने पहिल्याच दिवशी वहीचा एक पुठ्ठा घेतला आणि घराघरात जाऊन लिहायला लागला, ह्या घरात तीन माणसं, एक डायबेटिसचे, इन्सुलिन हवं, ह्या घरात बाळ, दूध पावडर हवी, ह्यांच्याकडे चार ट्रकचे बिस्किटपुडे पडलेत पण चूल पेटवायला सुकं काही नाही. मग तो तो पुठ्ठा घेऊन ट्रकवाल्यांकडे जायचा आणि त्यांच्याशी भांडायचा की इथे नको, आत चला. खांद्यावर पोती टाकून आम्ही त्याच्या मागून गेलो. त्याला एकदा एका ट्रकवाल्याने धक्कासुद्धा मारला. तो परत उठून पुठ्ठा पुसून उभा राहिला. मला जर कोणी विचारलं की तू हीरो बघितलास का तर मी त्या पुठ्ठ्याबद्दल सांगीन.

आत्याचा प्रश्नही असाच कुठून तरी आलेला आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा ती केळशीलाच होती, घरात, दार आतून टेबल लावून दाबून धरलेलं. कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी एका दिशेने आडव्या झाल्या, आजोबांनी लावलेले माड मुळासकट उपटले. पोफळ लावली की सुपारी मिळायला वर्षं जातात, म्हणजे तिचं नुकसान त्या दिवसाचं नव्हतंच, पुढच्या कितीतरी वर्षांचं होतं. पण आत्या ह्यातलं काही सांगत नाही. ती सांगते ती गिरणीची गोष्ट. लाईट किती तरी दिवस नाही, म्हणजे गिरणी बंद, रेशनचे गहू घरात आहेत पण पीठ नाही. मदत म्हणून आणखी गहू आले. पोती नुसती बघत बसायची! शेवटी कोणीतरी जनरेटर आणला, त्याच्यावर गिरणी चालवली आणि वाडीवाडीने पाळ्या लावल्या, आज वरची वाडी, उद्या खालची. त्या पाळ्या कोणी लावल्या, कोणाचं नाव राहिलं म्हणून कोण रुसलं, आत्याला सगळं तोंडपाठ आहे. तिच्यासाठी वादळाची गोष्ट म्हणजे ती. वारा किती वेगाने आला हे तिला विचारलंत तर ती म्हणेल, आला जोरात.

आमच्याकडे शिमग्यात पालखी येते तीसुद्धा देवळात बसून राहत नाही, घराघरात येते. ज्याच्या घरी सुतक आहे तिथे कधी जायचं, ज्याचं घर गडग्यापलीकडे एकटं आहे तिथे कोण नेणार, सगळं ठरलेलं असतं. देव आला की घरातली म्हातारी त्याला स्वतःच्या तोंडाने गाऱ्हाणं घालते. बॅटमॅन शहर बघतो ते उंच इमारतीच्या टोकावरून, अंधारात, पाऊस पडत असताना, आणि दिसतो फार देखणा. पण तिथून खालचं दार दिसत नाही.

असं नाही की बाकीचे सिनेमे हे जमवतात. 'एंडगेम' आला एप्रिल 2019 मध्ये, त्याची हवा तर ह्याच्याहून मोठी होती, पहाटेचे शो लागले होते. त्यात जगातली निम्मी माणसं गेली आहेत आणि पाच वर्षं उलटली आहेत. मला त्या सिनेमातली शेवटची भलीमोठी लढाई धड आठवत नाही, पण स्कॉट, म्हणजे अँटमॅन, एका बागेत, गायब झालेल्या लोकांची नावं कोरलेल्या दगडांमधून धावत स्वतःच्या मुलीचं नाव शोधतो, नसावं नसावं म्हणत, ते आठवतं. कॅप्टन अमेरिका खुर्च्या मांडून लोकांना एकत्र बसवतो आणि एक माणूस सांगतो की पाच वर्षांत पहिल्यांदा कोणाबरोबर तरी बाहेर जेवायला गेलो, दोघंही मध्येच रडलो. सुरुवातीच्या त्या संथ भागाबद्दल लोक कंटाळा आला म्हणत होते. मला तो भाग संपूच नये असं वाटत होतं.

मग मार्च 2022 मध्ये नवीन 'द बॅटमॅन' आला, रॉबर्ट पॅटिन्सनवाला. पुराला जेमतेम आठ महिने होत होते, आमच्या जिन्यात भिंतीवरची पाण्याची रेघ अजून तशीच होती, त्याच्या आधी डिसेंबरात नदीतला गाळ काढा म्हणून लोक साखळी उपोषणाला बसले होते. मी दादाला ओढून घेऊन गेलो. त्याला असले सिनेमे आवडत नाहीत, दुकान परत उभं करण्याच्या नादात तो कुठेच जात नव्हता, म्हटलं तीन तास जरा डोकं बाजूला ठेव. मला कुठे माहीत की त्या सिनेमाच्या शेवटी शहराची समुद्राची भिंत फोडतात आणि अख्ख्या गॉथममध्ये पाणी शिरतं! रस्त्यावरून पाणी गाड्या उचलत येताना दिसलं आणि शेजारी दादाने खुर्चीचा हात घट्ट धरला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. वाटलं उठून जाईल. आणि मग तो बॅटमॅन वरून खाली पाण्यात पडतो, लाल फ्लेअर पेटवतो, आणि लोकांना आपल्या मागून एकेक पाऊल टाकत बाहेर काढतो. मारामारी नाही काही नाही. छातीभर पाण्यात चालतोय आणि मागे माणसांची रांग. सकाळी गच्चीवर स्ट्रेचरवर ठेवलेली एक मुलगी त्याचा हात सोडत नाही. दादा बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये बराच वेळ स्कूटर चालू न करता उभा राहिला, मग म्हणाला, "एवढं पाणी उतरल्यावर गाळ केवढा असेल त्यांच्याकडे."

त्यानंतरची 'द पेंग्विन' ही मालिका 2024 ला आली, ती नेमकी तिथून सुरू होते. पूर येऊन थोडेच दिवस झालेत, क्राउन पॉइंट नावाची गरीब वस्ती, अंधार, ओल, शहराच्या दुसऱ्या टोकाला लाईट आहे आणि इथे नाही. तिथला व्हिक्टर नावाचा पोरगा, घरचे सगळे पुरात गेलेले, तो गच्चीवर मैत्रिणीबरोबर होता म्हणून वाचला आणि आपली इमारत पाण्याखाली जाताना त्याने वरून बघितली. बोलताना अडखळतो. मला वाटलं आला, आमचा माणूस आला एकदाचा ह्या गॉथममध्ये. आठ भाग मी त्याच्यासाठी बघितले. शेवटच्या भागात त्याला ज्या पद्धतीने मारतात, त्याने ज्याच्यावर जीव टाकला त्याच्याच हातून, ते गोष्टीच्या दृष्टीने बरोबरच आहे, त्या गुंडाला, पेंग्विनला, ओळखायचं तर तसंच व्हायला हवं होतं, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पूरग्रस्त म्हणून एक पोरगा नावानिशी भेटला होता.

आता 'द बॅटमॅन'चा दुसरा भाग येणार आहे, तारीख पुढे पुढे जात ऑक्टोबर 2027 वर आली आहे, आणि पुतण्या आत्तापासून मोबाईलवर थिअरी ऐकत बसतो, व्हिलन कोण, नवीन गाडी कशी, सूट कुठला. मीही ऐकतो, मलाही ते सगळं हवंय, ती गाडी पहिल्यांदा चालू होताना येणारा आवाज मला थिएटरातच ऐकायचाय. पण दिग्दर्शक मॅट रीव्हजने पाणी दाखवलंय तर आता गाळही दाखवावा. क्राउन पॉइंटमधलं एक तरी घर, ज्याच्या खालच्या मजल्याची भिंत अजून वाळलेली नाही, आणि त्यात राहणारी एखादी बाई, जिला नाव आहे, जिला बोलायला चार वाक्यं आहेत आणि जी इंटर्व्हलच्या आत मरत नाही. बॅटमॅनने एकदा तिच्या दारात यावं, छपरावरून नाही, जिन्याने. मी पहिल्या दिवसाचं तिकीट काढणार आहे. पुतण्या तेव्हा नववीत असेल, चाचणी परीक्षा असली तरी त्याला नेणार, आणि दादाने तर आत्ताच सांगून ठेवलंय की त्याचंही काढ.